सीपीआरजवळच्या बोळातलं झेरॉक्सचं दुकान : नवरा-बायकोच्या व्हिसाची वाट बघणाऱ्यांसाठी

दुकानाचं नाव आणि नंबर देणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मालकांची तशी अट आहे. "चांगलं लिहा, वाईट लिहा, पण नंबर टाकलात तर सांगलीपासून सावंतवाडीपर्यंतचे फोन येतील आणि प्रत्येकाला वाटेल व्हिसा मीच देतो," असं त्यांचं म्हणणं. तेव्हा एवढंच सांगतो की दुकान कोल्हापुरात सीपीआर हॉस्पिटलजवळच्या एका बोळात आहे. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, टायपिंग, भाषांतर असं लिहिलंय आणि त्यातलं 'भाषांतर' सगळ्यात बारीक अक्षरात आहे. खरं काम तेच. ज्याला गरज आहे त्यानं जुन्या कोर्टाजवळच्या कुठल्याही स्टॅम्प व्हेंडरला "सर कुठं बसतात?" एवढंच विचारावं.

मी शिरोली एमआयडीसीत व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर प्रोग्रामिंग करतो. बायको न्यू जर्सीत नर्स आहे, अमेरिकेची नागरिक. तिचे आई-वडील ती शाळेत असतानाच तिकडे गेले, पण गाव इकडचंच, त्यामुळं लग्न कोल्हापुरात झालं. रजा संपली तशी ती परत गेली आणि मी इथंच राहिलो. आता नवरा तिकडे आणि बायको इकडे सासरी, हे लोकांच्या अंगवळणी पडलंय. उलटं असलं की लोकांना पचत नाही. वर्षभर लोक "कधी निघालाय?" विचारत होते. नंतर आवाज खाली आणून "नाकारला काय व्हिसा?" असं विचारायला लागले. एका लग्नात तर एका मामांनी मला बाजूला घेऊन "सगळं बरं आहे ना तुमचं?" म्हणून विचारलं. त्यांना काय सांगायचं? आय-१३०?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जोडीदार अमेरिकेचा नागरिक असेल तर तो तिकडून आय-१३० नावाचा अर्ज करतो. १ एप्रिल २०२४ पासून त्याची फी ऑनलाइन ६२५ डॉलर आणि कागदावर भरला तर ६७५. यूएससीआयएस या तिकडच्या इमिग्रेशन खात्यानं तो मंजूर केला की फाईल न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथ गावच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथं आणखी ४४५ डॉलर भरायचे, त्यातले ३२५ व्हिसाच्या अर्जाचे आणि १२० बायकोच्या हमीपत्राच्या तपासणीचे. मग डीएस-२६० हा लांबलचक अर्ज, जन्माचा आणि लग्नाचा दाखला, पोलिसांचा दाखला, बायकोच्या उत्पन्नाचे कागद. सगळं पास झालं की मुलाखतीच्या तारखेची वाट बघायची, आणि आमच्याकडच्यांची मुलाखत मुंबईत बीकेसीला. नागरिकाच्या नवऱ्या-बायकोला वार्षिक कोटा नसतो, म्हणजे ही रांग निव्वळ फायली हातावेगळ्या होण्याची. ग्रीन कार्डवाल्यांच्या जोडीदारांचा वर्ग वेगळा, एफ-२ए. त्यांना त्याशिवाय कोट्यात आपला नंबर आला काय, त्यासाठी दर महिन्याचं व्हिसा बुलेटिन बघत बसावं लागतं.

बरं, मधे टुरिस्ट व्हिसावर भेटून यावं म्हटलं तर तेही अवघड. टुरिस्ट व्हिसाला "मी परत येणार आहे" हे अधिकाऱ्याला पटवायचं असतं, आणि तुमच्याच बायकोनं तुम्ही कायमचे येणार असा अर्ज तिथं करून ठेवलेला असतो.

या सरांच्या दुकानात यायच्या आधी आम्ही पुण्यातल्या एका कन्सल्टंटकडे गेलो होतो. त्याचं नाव मुद्दाम देत नाही, कारण असे बरेच आहेत. एसी ऑफिस, भिंतीवर जगाचा नकाशा, आणि फाईल नेहमीची की 'प्रायॉरिटी फॉलो-अप'वाली असे दोन दर. दुसऱ्याचा दर पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट. आम्ही दुसरा घेतला. बायकोनं तिकडे चौकशी केली तेव्हा कळलं की आय-१३० ला जादा पैसे भरून लवकर निकाल मिळवायची सोयच नाही. प्रीमियम प्रोसेसिंग नावाचा प्रकार आहे, पण तो नोकरीच्या आणि इतर काही ठरावीक अर्जांना. नवरा-बायकोच्या अर्जाला नाही. म्हणजे हा माणूस जे विकत होता ते दुकानात शिल्लकच नव्हतं. तातडीची विनंती करता येते, ती आजारपण, युद्ध, मोठं आर्थिक नुकसान अशा कारणांसाठी, आणि ती अर्जदार स्वतः करू शकतो. तिला वेगळी फी नाही.

त्याहून मोठा घोळ पोलिसांच्या दाखल्याचा. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला पीसीसी काढायला लावला, "सगळं तयार पाहिजे" म्हणून. पासपोर्ट ऑफिसची पाचशे रुपये फी, मग पोलीस स्टेशनला हजेरी. नॅशनल व्हिसा सेंटरच्या हिशोबात हा दाखला दोन वर्षं चालतो. फाईल तिथं पोचून कागद मागवले जाईपर्यंत माझ्या दाखल्याचे थोडेच दिवस राहिले होते. म्हणजे परत काढा. वर चारेकशे पानं व्हॉट्सॲप चॅट छापून घेतलं, लग्न खरं आहे हे दाखवायला. त्यात आमची भांडणं पण होती, आणि ती त्यांच्या ऑफिसमधल्या दोन पोरांनी वाचून क्रमाने लावली.

सरांकडे मी पहिल्यांदा गेलो ते जन्माच्या दाखल्यासाठी. सर निवृत्त शिक्षक. भुदरगड तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. कॉम्प्युटर त्यांची सून चालवते, तिला सगळे वहिनी म्हणतात. दुकानात दोन झेरॉक्स मशीन, एक स्कॅनर, एक लाकडी बाक आणि सरांचं टेबल. टेबलावर स्टीलची फूटपट्टी, भिंग आणि जाडजूड कोश. मला वाटलं, हे भाषांतर करणार म्हणजे दहा मिनिटांत टाइप करून शिक्का मारतील. दाखला हातात घेतल्यावर त्यांनी फूटपट्टी पहिल्या ओळीखाली ठेवली आणि भिंगातून वाचायला लागले.

माझा जन्म आजोळी, राधानगरी तालुक्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, तशी आमच्याकडची रीत. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात नोंद झाली ती बारशाच्या आधी, त्यामुळं बाळाच्या नावाची जागा कोरी. फक्त 'मुलगा'. हा दाखला मी आयुष्यात कुठंच वापरला नव्हता, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सगळं भागलं. अमेरिकेला मात्र जन्मदाखल्यावर माझं नाव, तारीख, ठिकाण आणि आई-वडिलांची नावं पाहिजेत. सरांनी दाखला माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "याचं भाषांतर करून देतो, तीनशे रुपये घेतो, आणि ते परत येईल. आधी नाव चढवून आणा."

नियमानं जन्मनोंदीत नाव घालायची मुदत पंधरा वर्षं. सरकारनं जुन्या नोंदींसाठी ती अधूनमधून वाढवून दिलेली आहे, आणि ती खिडकी उघडी आहे हे सरांना माहीत होतं. शाळेचा दाखला, आई-वडिलांचं शपथपत्र आणि ग्रामसेवकाच्या वेळा, एवढं जुळवायला काही आठवडे गेले. ते झाल्यावर नवीन उतारा घेऊन गेलो, तर सरांची फूटपट्टी तारखेवर थांबली. ग्रामसेवकानं हातानं लिहिलेला उतारा. त्यातला एकचा आकडा असा गोल वळवून खाली ओढलेला की तो नऊ वाटत होता. ११ तारीख की १९? मला माझी तारीख माहीत आहे, पण भाषांतर करणाऱ्यानं ती माझ्या तोंडावर लिहायची नाही. "तुम्ही सांगता म्हणून अकरा लिहिलं आणि तिथं बसलेल्या माणसानं मूळ कागद बघून एकोणीस वाचलं, तर कोण खरं?" म्हणाले. आकड्यांच्या खाली तारीख अक्षरी लिहून आणायला पाठवलं. गेलो परत राधानगरीला.

वडिलांच्या नावाची तीच कथा. पासपोर्टात नुसतं नाव, जन्माच्या नोंदीत नावापुढं 'राव', लग्नाच्या दाखल्यात परत नुसतं. आपल्याकडं हे इतकं नेहमीचं की कुणी बघतही नाही. मी सरळ म्हटलं, सर, इंग्रजी करताना 'राव' काढून टाका की. त्यावर मास्तर जागा झाला. भाषांतरात दुरुस्ती करायची नसते, कागदात विसंगती असेल तर ती इंग्रजीतही तशीच दिसली पाहिजे, आणि तिचा खुलासा वेगळ्या शपथपत्रात द्यायचा, हे त्यांनी मला दहावीच्या वर्गात उभं केल्यासारखं समजावलं. मागच्या बाजूचा पुसट शिक्का पण सोडला नाही. गोल शिक्का, ग्रामपंचायत, पुढची अक्षरं वाचता येत नाहीत, असं चौकटीत इंग्रजीत लिहिलं. खाली त्यांचं नाव, पत्ता, सही आणि एक ओळ की भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात.

मी विचारलं, नोटरी? कारण कन्सल्टंटच्या यादीत प्रत्येक भाषांतराला नोटरीचे वेगळे पैसे होते. सर म्हणाले, सूचना वाचा. खरंच, यूएससीआयएसला भाषांतर करणाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं, भाषांतरावर नोटरी लागत नाही. सूचनांची ती प्रिंट त्यांनी ड्रॉवरमधून काढून दाखवली, पेन्सिलनं खुणा केलेली. नोटरी बोळाच्या तोंडाशीच बसतो, सरांचा जुना मित्र आहे, आणि तरी ते गिऱ्हाइकाला तिकडे पाठवत नाहीत. शपथपत्रं मात्र त्याच्याकडे, कारण तिथं नोटरी लागतोच.

फोटो निवडायचं काम वहिनींचं. लग्न खरं आहे हे दाखवायला अल्बम पूर्ण द्यायचा नसतो. कोण, कुठं, कधी हे खाली लिहिता येईल असे मोजके फोटो. हळदीचे सगळे फोटो त्यांनी बाद केले, "यात नवरा कोण आणि करवला कोण ते तुमच्या आईला तरी ओळखू येतं का?" म्हणून. त्याऐवजी बायको प्रत्येक रजेला आली त्याची तिकिटं, तिच्या पासपोर्टावरचे शिक्के, माझ्या विम्यात तिचं वारस म्हणून नाव, दोन्हीकडच्या आई-वडिलांसोबतचे फोटो. चारशे पानांच्या चॅटमधून चार पानं ठेवली, वेगवेगळ्या महिन्यांतली, आणि त्यात भांडण नव्हतं. बाकीच्या गठ्ठ्याचं काय करायचं विचारल्यावर वहिनी म्हणाल्या, "घरी न्या आणि बंब पेटवा."

फॉर्म मात्र ते भरून देत नाहीत. यावर सर ठाम. "मी वकील नाही, एजंट नाही. तुम्ही भरा, मी शेजारी बसतो." डीएस-२६० मध्ये सोळाव्या वर्षापासून कुठं कुठं राहिलात ते सगळे पत्ते मागतात, आणि गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खातीसुद्धा. सांगलीचं हॉस्टेल, चाकणला तीन पोरांत घेतलेली खोली, उजळाईवाडीचं भाड्याचं घर, महिने आठवेनात. सरांनी बँकेचं पासबुक आणायला सांगितलं. कुठल्या गावच्या एटीएममधून पैसे काढलेत त्यावरून मी कुठं राहत होतो ते सापडलं. हे कुठल्याही कन्सल्टंटला सुचलं नसतं, कारण त्याला माझे पत्ते खरे आहेत की नाहीत याचं काही पडलेलं नसतं.

बायकोच्या बाजूच्या कागदांत मात्र इथं काही मदत मिळणार नाही. आय-८६४ हे हमीपत्र, तिचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांच्या वर आहे हे दाखवणं, टॅक्सचे उतारे, हे तिनं तिचं तिकडे बघितलं. सरांना विचारलं तर "मी करवीरचा मास्तर, अमेरिकेच्या टॅक्सचं मला काय विचारता?" एवढंच. हे मला आवडलं. येत नाही ते येत नाही म्हणणारा माणूस या धंद्यात दुर्मिळ.

आता वाट बघण्याचं. कागद नीट करून देणारी दुकानं शोधली तर आणखीही सापडतील. हे दुकान मी वेगळं काढतो ते एका वहीमुळं. लांब, लाल पुठ्ठ्याची हिशोबाची वही. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. रकाने असे : कागद कुठला, कधी काढला, कधी संपतो, कधी पाठवला. पोलिसांचा दाखला कधी काढायचा ते या वहीवरून ठरलं. वैद्यकीय तपासणी सगळ्यात शेवटी, कारण ती साधारण सहा महिने चालते आणि व्हिसाची मुदतही बहुतेक वेळा तिच्याबरोबरच संपते. पासपोर्ट मधेच संपतोय काय, तेही. प्रत्येक कागदाला मरणाची तारीख असते आणि फाईल कधी हलेल ते कुणालाच सांगता येत नाही, हा सगळा घोळ एका पानावर समोर दिसतो. घरी बसून डोक्यात तेच फिरवत राहण्यापेक्षा हे बरं.

दुसरं म्हणजे शनिवार. मी रोज सकाळी कामावर जायच्या आधी मोबाईलवर केसचा स्टेटस बघायचो, दुपारी परत, आणि रात्री बायको म्हणायची "बघितलास का?" म्हणून परत. तिथं तेच वाक्य. सरांनी एक दिवस रिसीट नंबर मागितला. त्या नंबरवर कुणीही स्टेटस बघू शकतो, पासवर्ड लागत नाही. वहीत लिहून घेतला आणि म्हणाले, "आता मी बघणार. शनिवारी संध्याकाळी या. बदललं असेल तर सांगतो. मधल्या दिवसांत तुम्ही बघायचं नाही." पैसे? नाहीत. पहिले काही दिवस हात वळवळायचे. पण महिन्याभरात सुटलं. शनिवारी गेलो की सर चष्म्यावरून बघायचे, आणि काही झालं नसेल तर वहिनींना "चहा सांगा" म्हणायचे. तेवढ्यात कळायचं.

फाईल पोर्ट्समथला गेल्यावर तर त्यांनी वेगळीच शक्कल लढवली. नॅशनल व्हिसा सेंटर दर आठवड्याला जाहीर करतं की आज आम्ही अमुक तारखेला आलेले कागद तपासतोय. ती तारीख सर दर शनिवारी वहीत लिहायचे, खाली खाली. आमची कागद पाठवल्याची तारीख वर लाल पेननं. कधी आठवड्याची तारीख दोन दिवसांनीच पुढं सरकायची, कधी दहा. पण सरकायची. स्टेटसच्या त्या एका न बदलणाऱ्या वाक्यापेक्षा हा रकाना लाख पटीनं बरा, कारण यात काहीतरी होत असतं. मी मशीनवर काम करणारा माणूस, मला आकडा हलताना दिसला की झोप लागते.

शनिवारी तिथं आम्ही तीन-चार जण असायचो. गडहिंग्लजची एक बाई, नवरा कॅनडात ऑन्टारिओला. कराडहून येणारी एक मुलगी, तिचा नवरा इंग्लंडमध्ये. तिथं ११ एप्रिल २०२४ पासून जोडीदाराला बोलवायला वर्षाला २९,००० पौंड पगार दाखवावा लागतो, आधी १८,६०० होता; नियम बदलला तेव्हा हिच्या नवऱ्याचा पगार नेमका दोन्हींच्या मधे. त्यानं नोकरी बदलली, नवीन पगाराच्या स्लिपा जमेपर्यंत ही इथं टीबीची तपासणी आणि इंग्रजीची परीक्षा देत बसली. गडहिंग्लजच्या बाईंचं म्हणणं, कॅनडात जोडीदाराला बोलवायला सहसा किमान पगाराची अट नसते, पण म्हणून काही लवकर होतं असं नाही. आम्ही एकमेकांना "कधी?" असं कधीच विचारलं नाही. "काय आलं काय?" एवढंच. त्यात कागद आला काय, एवढाच अर्थ. घरी सासू-सासरे असोत नाहीतर माझ्यासारखे स्वतःचेच आई-वडील असोत, तिथं रोजचं तोंड सांभाळावं लागतं. इथं बाकावर बसून नुसता चहा पिता येतो. सरांना बोलायची हौस आहे, ते शेक्सपिअरवर सुरू झाले की गडहिंग्लजच्या बाई एसटीचं निमित्त काढतात, तेवढं सांभाळून घ्यायचं.

बायकोची नाईट ड्युटी सकाळी सातला संपते. तेव्हा उन्हाळ्यात इथं साडेचार वाजलेले असतात, आणि नोव्हेंबरात त्यांचं घड्याळ मागं गेलं की साडेपाच. शनिवारचा तिचा फोन मी दुकानातच घ्यायचो. सर फोनवर तिला "सूनबाई" म्हणतात आणि मला "अमेरिकेचे जावई". एकदा तिनं तिच्या भागातल्या लोकप्रतिनिधीच्या ऑफिसला लिहिलं, तिथं नागरिकाला अशी चौकशी करता येते, फक्त माहिती द्यायला संमतीचा कागद सही करून द्यावा लागतो. उत्तर आलं की फाईल नेहमीच्या मुदतीत आहे. सरांनी ते पत्र पण फाईल करून ठेवलं.

या सगळ्या उशिरात एक गोष्ट आमच्या पथ्यावर पडली, आणि ती लक्षात आणून दिली वहिनींनी. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत तुम्ही अमेरिकेत उतरलात तर सीआर-१ व्हिसा, आणि हातात पडतं दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ नावाचा आणखी एक अर्ज, परत फी, परत फोटो, परत लग्न खरं असल्याचे पुरावे. दोन वर्षं उलटून गेली असतील तर आयआर-१, सरळ दहा वर्षांचं कार्ड. आम्ही ती रेष वाट बघण्यातच ओलांडली. सर म्हणाले, "उशिराचं व्याज मिळालं."

मुंबईचं फार सांगण्यासारखं नाही. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडे तपासणी, बोटांचे ठसे, मग बीकेसी. आत मोबाईल नेता येत नाही, म्हणून वहिनींनी फाईलच्या पहिल्या पानावर कागदांची यादी छापून दिली होती, मूळ प्रत आधी आणि तिच्या मागं झेरॉक्स. खिडकीपलीकडच्या बाईंनी जन्माचा दाखला मागितला, भाषांतराशी लावून बघितला, अक्षरी तारखेवर बोट ठेवलं आणि पुढं गेल्या. बायको काय करते, कुठं भेटलात, लग्नाला तिकडून कोण आलं होतं. चॅटची चार पानं कुणी मागितलीच नाहीत.

आता तक्रारी. पाचपैकी चार तारे देतोय आणि एक कापतोय तो गोपनीयतेचा. माझ्या पासपोर्टाचं स्कॅन त्यांच्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर तसंच पडलेलं मी डोळ्यांनी बघितलं, शेजारी कुणाच्या तरी आधार कार्डाचं आणि सातबाऱ्याचं. वाईट हेतू नाही, सवय नाही. सांगितल्यावर वहिनींनी माझ्यासमोर डिलीट केलं, रिसायकल बिनसकट. पण प्रत्येकानं सांगायचं काय? पेनड्राइव्ह स्वतःचा न्या, काम झालं की समोर बसून पुसायला लावा. पावती मिळत नाही. स्कॅनर म्हातारा आहे, फाईल मोठी झाली की अपलोड करताना साइट नाकारते आणि परत सगळं करावं लागतं. सर रागीट आहेत, घाईवाल्याला सरळ उठवतात. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जुन्या कोर्टाच्या इमारतीत हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून बोळात वकिलांची गर्दी वाढलीय. गाडी लावायचा विचारही करू नका, शाहूपुरीत लावून चालत या.

कुणी जाऊ नये? ज्यांची केस आधी नाकारली गेलीय, पूर्वीचा घटस्फोट किंवा पोलीस केस आहे, तिकडे मुदतीपेक्षा जास्त राहून आलेत, त्यांनी अमेरिकेतला परवानाधारक इमिग्रेशन वकीलच बघावा. सर अशांना स्वतःच परत पाठवतात.

दर असे : भाषांतर पानाला तीनशे, शिक्क्यांचं पान असेल तरी तेवढेच. स्कॅनिंग पानाला दहा. शपथपत्राचा मसुदा दोनशे, नोटरीचे त्याला वेगळे. वहीतल्या पानाचे पैसे नाहीत. मी निघायच्या आधी काही द्यायला गेलो तर घेतले नाहीत, "कुठंतरी दोन ओळी लिहा, नंबर सोडून" म्हणाले, म्हणून हे.

सोमवारी बंद. जोतिबाच्या चैत्र यात्रेला आणि गणपतीत पण बंद. जून-जुलैत दाखल्यांसाठी ॲडमिशनवाल्यांची रांग बोळाच्या बाहेर येते, त्या दिवसांत व्हिसावाल्यांनी चारच्या पुढंच जावं. यूपीआय चालतं, पण क्यूआर कोडवर नाव वहिनींच्या आईचं येतं, घाबरू नका.